प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, हे कसे ठरवायचे?

कारखान्यातील किंवा कार्यालयातील प्रशिक्षण वर्ग संपायला दहा मिनिटे उरली की प्रशिक्षणार्थींच्या हाती एक कागद येतो. विषय समजला का, प्रशिक्षकाचे बोलणे कसे वाटले, खोलीची व चहापाण्याची व्यवस्था कशी होती, अशा आठ-दहा प्रश्नांपुढे एक ते पाच यांपैकी एका आकड्याभोवती गोल करायचा असतो. कोणाला लोकल गाठायची असते, कोणाला कंपनीची बस. बहुतेक गोल चार आणि पाच या आकड्यांभोवती पडतात. मनुष्यबळ विभाग त्यांची सरासरी काढतो, प्रशिक्षण यशस्वी झाल्याची नोंद होते आणि कागद फायलीत जातो. वर्गात शिकवलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी यंत्रावर, काउंटरवर किंवा टेबलावर उतरली की नाही, हे त्या फायलीवरून कळत नाही.

ही फाइल बहुधा ऑडिटरसाठी असते. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत, प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने त्याची परिणामकारकताही तपासली पाहिजे, अशी स्पष्ट अट होती. २०१५ च्या आवृत्तीतही ती ७.२ या कलमात राहिली. भोसरी, अंबड, वाळूज किंवा शिरोली अशा औद्योगिक वसाहतींमधील प्रमाणपत्रधारक कारखान्यांत 'ट्रेनिंग इफेक्टिव्हनेस' या शीर्षकाचा अर्ज आढळतो, तो या अटीमुळे. तपासणी कोणत्या पद्धतीने करावी, हे मात्र मानक सांगत नाही. ते ज्या त्या संस्थेवर सोडले आहे. साहजिकच अनेक ठिकाणी सोपी वाट निघाली. ऑडिटची तारीख जवळ आली की सुपरवायझर एका बैठकीत वीस-पंचवीस अर्जांवर 'समाधानकारक' असे लिहून मोकळा होतो आणि वर्षभराच्या प्रशिक्षणाचे मूल्यमापन एका दुपारी उरकते.

यात केवळ पैसा वाया जातो असे नाही. प्रेस मशिनवरच्या कामगाराला सुरक्षिततेचे धडे दिल्याची नोंद दप्तरी आहे आणि प्रत्यक्षात तो कामाचा वेग राखण्यासाठी यंत्राचे गार्ड काढून बसतो, अशा स्थितीत ती नोंद त्याची बोटे वाचवत नाही. उलट अपघातानंतर 'आम्ही शिकवले होते' असे सांगण्यासाठी व्यवस्थापनाच्या हाती तेवढा कागद राहतो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन आरोग्य व सुरक्षिततेविषयी प्रशिक्षण मिळण्याचा कामगाराचा हक्क कायद्यात आला. त्या हक्काची पूर्तता झाली की नाही, हे हजेरीपटावरून ठरत नाही.

चार पायऱ्या

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाची आज जगभर रूढ असलेली पद्धत अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या नावाने ओळखली जाते. पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणाचे मूल्यमापन हा त्यांच्या पीएच. डी. प्रबंधाचा विषय होता आणि तो १९५४ मध्ये पूर्ण झाला. पुढे १९५९-६० मध्ये प्रशिक्षण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मासिकात त्यांनी चार लेख लिहिले. प्रशिक्षणार्थींची प्रतिक्रिया, त्यांनी शिकलेले ज्ञान वा कौशल्य, कामावरील वर्तनात पडलेला फरक आणि संस्थेला मिळालेले फलित, या चार गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात, असे त्यांचे सांगणे होते. कर्कपॅट्रिक त्यांना पायऱ्या म्हणत. 'पातळ्या' हा शब्द नंतर रुळला. त्यांचे पुस्तक निघायला १९९४ साल उजाडले, तोवर त्यांची मांडणी जगभर पसरली होती. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

ही मांडणी इतकी सोपी आहे की तिचा गैरवापरही तितकाच सोपा ठरला. पहिली पायरी चढली म्हणजे उरलेल्या तीन आपोआप चढल्या, असे गृहीत धरले जाऊ लागले. वर्ग आवडला म्हणजे विषय कळला, विषय कळला म्हणजे काम सुधारले आणि काम सुधारले म्हणजे नफा वाढला, अशी ही साखळी आहे. १९९७ मध्ये जॉर्ज अ‍ॅलिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून ही साखळी तपासली. वर्ग आवडणे आणि त्यात काही शिकणे यांचा परस्परांशी जवळजवळ संबंध नाही, असे त्यांना आढळले. 'या प्रशिक्षणाचा माझ्या कामात उपयोग होईल का' या प्रश्नाच्या उत्तराचा पुढील परिणामांशी थोडाफार संबंध दिसला. 'वर्ग आवडला का' या प्रश्नाचा तेवढाही नाही. विनोदी प्रशिक्षकाला पाचपैकी पाच गुण मिळतात आणि अवघड गोष्ट घोटून घेणाऱ्याला तीन, हा अनुभव कोणत्याही मनुष्यबळ अधिकाऱ्याला नवा नसेल.

अभिप्रायाचा अर्ज म्हणून अगदीच निरुपयोगी ठरत नाही. खोलीत मागच्या बाकांपर्यंत आवाज पोहोचत नव्हता किंवा मराठी समजणाऱ्या कामगारांना इंग्रजी स्लाइड दाखवल्या, हे त्यावरूनच कळते. तो व्यवस्थेचा पंचनामा आहे. त्याला निकालपत्र समजणे ही चूक होय.

दुसरी पायरी त्या मानाने सरळ आहे. वर्गाच्या शेवटी चाचणी घेतात, तीच सुरुवातीलाही घेतली पाहिजे. शेवटी वीसपैकी सोळा गुण मिळवणाऱ्याला सुरुवातीलाच पंधरा मिळत असतील, तर वर्गाने त्याला काय दिले, हा प्रश्न उरतो. वेल्डिंग, मापन किंवा संगणकावरील काम अशा हातच्या कौशल्यांची परीक्षाही हातानेच घ्यावी लागते. मायक्रोमीटरचे भाग ओळखता येणे आणि मायक्रोमीटरने अचूक माप घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वर्गातून यंत्रापर्यंत

खरी अडचण तिसऱ्या पायरीवर येते. शिकलेली गोष्ट वर्गातून कामावर जाते की वाटेतच सांडते, हा या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

याविषयी एक आकडा व्याख्यानांतून वारंवार सांगितला जातो: प्रशिक्षणातील केवळ दहा टक्केच कामावर उतरते. या आकड्याची जन्मकथा मोठी मासलेवाईक आहे. १९८२ मध्ये डेव्हिड जॉर्जेन्सन यांनी एका लेखात आपला अंदाज म्हणून तो मांडला होता. त्यामागे कोणतीही पाहणी नव्हती. पुढच्या लेखकांनी त्यांचा हवाला दिला, त्यांचा हवाला आणखी काहींनी दिला आणि अंदाजाचे संशोधन झाले. मूल्यमापनाचा आग्रह धरणाऱ्या क्षेत्रातच न मोजलेला आकडा वीस वर्षे खपावा, ही गंमत म्हणायची. प्रत्यक्षात हे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. ते कशावर अवलंबून असते, हे शोधणे अधिक उपयोगाचे.

त्याचे एक उत्तर १९५० च्या दशकातच मिळाले होते. शेतीची अवजारे व ट्रक बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीने आपल्या फोरमनांना कंपनीच्या मध्यवर्ती शाळेत पाठवून माणुसकीने वागण्याचे, कामगारांचे ऐकून घेण्याचे धडे दिले. ओहायो राज्य विद्यापीठाचे एडविन फ्लाइशमन यांनी या फोरमनांची पाहणी केली. वर्गातून बाहेर पडताना त्यांच्या विचारांत अपेक्षित बदल दिसत होता. कारखान्यात परतल्यावर मात्र तो टिकला नाही. फोरमन कसा वागतो, हे त्याने घेतलेल्या प्रशिक्षणापेक्षा त्याचा वरिष्ठ त्याच्याशी कसा वागतो यावर अधिक ठरत होते. ज्याचा साहेब दरडावून काम घेणारा, तो फोरमनही शाळेत शिकलेले विसरून दरडावू लागला. कारण त्याची बढती, पगारवाढ आणि रोजची बोलणी साहेबाच्या हाती होती, शाळेच्या नव्हे.

आपल्या गिरण्यांतील जुन्या मुकादम-जॉबर पद्धतीची ज्यांना माहिती आहे, त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. आजही 'ते कोर्समधले कोर्समध्ये, इथे माझ्या पद्धतीने' हे वाक्य किती विभागांत ऐकू येते! मूल्यमापनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की केवळ प्रशिक्षणार्थीची तपासणी पुरेशी नाही. त्याच्या सुपरवायझरने परतल्यावर त्याच्याशी चर्चा केली का, नवी पद्धत वापरायला सवड दिली का, लागणारे साधन उपलब्ध करून दिले का, हेही नोंदवले पाहिजे. 'ट्रेनिंग इफेक्टिव्हनेस'च्या अर्जावर सुपरवायझर परीक्षक असतो. वास्तविक तो स्वतःही परीक्षार्थी आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत हे अधिक स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग ज्युडी कोमाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतील एका खाद्यपदार्थ कारखान्यात जखमी होण्याचे प्रमाण वाढले होते. संशोधकांनी आधी सुरक्षित काम म्हणजे नेमके काय, याची यादी केली आणि निरीक्षकांना कारखान्यात उभे करून किती टक्के कृती सुरक्षित होतात, हे काही आठवडे मोजले. एका विभागात ते प्रमाण ७० टक्के, दुसऱ्यात ७८ टक्के निघाले. मग कामगारांना सुरक्षित व असुरक्षित पद्धतींची चित्रे दाखवून माहिती दिली, विभागात आलेख लावला आणि प्रत्येक निरीक्षणानंतर त्यावर नवा आकडा मांडला. प्रमाण अनुक्रमे ९६ आणि ९९ टक्क्यांवर गेले. त्यानंतर मुद्दाम आलेख भरणे थांबवण्यात आले. कामगारांचे ज्ञान तेच होते, तरी प्रमाण घसरून जवळपास मूळ जागी आले. दोन वर्षांनी एका शहराच्या वाहन दुरुस्ती विभागात त्यांनी प्रशिक्षण आणि आलेख हे दोन भाग सुटे करून पाहिले. नुसत्या प्रशिक्षणाने थोडीशीच सुधारणा झाली. ठळक फरक पडला तो रोजच्या रोज आकडा समोर येऊ लागल्यावर.

कर्मचाऱ्याला कसे करायचे ते ठाऊक असूनही तो करत नसेल, तर त्याला पुन्हा वर्गात बसवण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडे अपघात झाला की पहिला आदेश निघतो तो प्रशिक्षणाचाच. मूल्यमापनाची सुरुवात खरे तर इथून, म्हणजे प्रशिक्षणाची गरज होती का, या प्रश्नापासून व्हायला हवी.

तुलना कोणाशी?

फलिताच्या, म्हणजे चौथ्या पायरीवर आकड्यांची रेलचेल असते आणि फसगतही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ दरम्यान, अमेरिकी सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' ही मोहीम चालवली. काम कसे शिकवावे, कामाची पद्धत कशी सुधारावी आणि माणसे कशी सांभाळावीत, याचे छोटे अभ्यासक्रम घेऊन १६ लाखांहून अधिक पर्यवेक्षक तयार झाले. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये रुजली. मोहिमेच्या अखेरीस ज्या ६०० कंपन्यांची माहिती घेतली गेली, त्यांपैकी ८६ टक्के कंपन्यांनी उत्पादन किमान २५ टक्क्यांनी वाढल्याचे कळवले. आकडा घसघशीत आहे. पण त्याच वर्षांत युद्धाच्या मागणीमुळे देशातील उत्पादन एरवीही वाढत होते, नवी यंत्रे येत होती आणि माहिती देणाऱ्याही त्याच कंपन्या होत्या. मोहीम उपयुक्त नव्हती असे नाही. या आकड्यावरून ती किती उपयुक्त होती, हे सांगता येत नाही.

प्रशिक्षण घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी केली, तरच हा पेच सुटतो. १९७९ मध्ये गॅरी लॅथम आणि लीझ सारी यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग त्याचा छोटेखानी पण चोख नमुना आहे. एका कंपनीतील ४० पर्यवेक्षकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. वीस जणांना कामगारांशी बोलण्याच्या, तक्रार हाताळण्याच्या प्रसंगांचा सराव नऊ आठवडे दिला. उरलेल्या वीस जणांना थांबायला सांगितले. प्रतिक्रिया, चाचणी, वर्तन आणि वरिष्ठांनी केलेले कामाचे मूल्यमापन अशा चारही कसोट्या लावल्या. वर्षभराने पहिला गट स्पष्टपणे पुढे होता. मग थांबलेल्या गटालाही तेच प्रशिक्षण मिळाले आणि दोन्ही गटांतील फरक नाहीसा झाला. कोणी वंचितही राहिले नाही आणि पुरावाही मिळाला. कंपनीत शंभर जणांना शिकवायचे असेल, तर सर्वांना एकाच महिन्यात बसवता येत नाहीच. पहिली तुकडी कोणती हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, तर असा प्रयोग फुकटात होतो.

याच रीतीचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर झाला आहे. तारापूर आणि गुजरातमधील उंबरगाव येथील कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांचे २८ कारखाने २००८ पासून निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी, जॉन रॉबर्ट्‌स आदी अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासाचा विषय होते. सर्व कंपन्या कौटुंबिक मालकीच्या. कारखान्यांत सुताचे गठ्ठे चिठ्ठीविना एकावर एक पडलेले, अवजारे विखुरलेली, कापडातील दोष हाताने दुरुस्त करायला मोठा ताफा बसवलेला. पण दोष कुठल्या मागावर आणि कशामुळे आला, याची नोंद नाही. मालकांना यात काही वावगे वाटत नव्हते, कारण शेजारच्या कारखान्यातही तेच चित्र होते. काही कारखान्यांत सल्लागारांनी एक महिना पाहणी करून पुढचे चार महिने शेजारी उभे राहून दोषांची नोंद, रोजची बैठक, यंत्रांची वेळेवर देखभाल, साठ्याचा हिशेब अशा ३८ पद्धती शिकवल्या व अंगवळणी पाडल्या. तुलनेसाठीच्या कारखान्यांत केवळ एक महिन्याची पाहणी झाली. निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला: पहिल्याच वर्षात शिकवलेल्या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली होती. सदोष माल घटला, पडून राहणारा साठा कमी झाला.

या प्रयोगात वर्गखोली जवळजवळ नव्हतीच, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. शिकवणे मागाजवळ झाले आणि मोजणे हाच शिकवण्याचा एक भाग होता.

बंगळूरु येथील शाही एक्स्पोर्ट्‌स या कपडे निर्यात करणाऱ्या कंपनीतील अभ्यासाने चौथ्या पायरीबाबत वेगळाच प्रश्न उभा केला. शिवणकाम करणाऱ्या महिलांना संवाद, वेळेचे नियोजन, अडचणी सोडवणे अशा विषयांचे सुमारे ८० तासांचे प्रशिक्षण देण्यात आले. इच्छुक जास्त आणि जागा कमी असल्याने निवड सोडतीने झाली. त्यामुळे अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चोख तुलना करता आली. प्रशिक्षित महिलांचे काम लक्षणीय वाढले आणि त्यांच्या ओळीत बसणाऱ्या, प्रशिक्षण न घेतलेल्या सहकाऱ्यांचेही सुधारले. प्रशिक्षण संपल्यावर आठ महिन्यांत कंपनीला खर्चाच्या दुपटीहून अधिक निव्वळ परतावा मिळाला. महिलांच्या वेतनातील वाढ मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास होती. फलित मोजायचे तर ते कोणाचे, हे कर्कपॅट्रिक यांच्या चौथ्या पायरीत कुठेही लिहिलेले नाही. ताळेबंद कंपनीचा असल्याने उत्तर गृहीतच धरले जाते. कामगार संघटनांनी प्रशिक्षणाच्या मूल्यमापनात रस घ्यावा, याला एवढे एक कारण पुरेसे आहे.

रुपयांचा हिशेब

चौथ्या पायरीवर पाचवी चढवण्याचे काम जॅक फिलिप्स यांनी केले. फलिताचे रुपये करायचे, त्यातून खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेचे खर्चाशी प्रमाण काढायचे. सूत्र शाळकरी आहे. कस लागतो तो दोन्ही बाजूंचे आकडे प्रामाणिकपणे भरताना.

समजा, एका लहान कारखान्याने २० ऑपरेटरांना दोन दिवस प्रशिक्षण दिले. प्रशिक्षकाचे मानधन ४० हजार रुपये. बहुतेक हिशेब इथेच थांबतात. पण रोज ८०० रुपये धरले तरी त्या दोन दिवसांची मजुरी ३२ हजार होते. यंत्रे थांबल्याने बुडालेले उत्पादन ५० हजारांचे आणि साहित्य, जेवणखाण आठ हजारांचे धरले, तर एकूण खर्च एक लाख ३० हजारांवर जातो. आता महिन्याला ६० हजार सुटे भाग बनत असतील, नाकारल्या जाणाऱ्या मालाचे प्रमाण चार टक्क्यांवरून तीनवर आले असेल आणि प्रत्येक भागामागे ४० रुपये वाचत असतील, तर महिन्याची बचत २४ हजार. म्हणजे साडेपाच महिन्यांत खर्च भरून निघाला. त्याच महिन्यात नवी डाय बसवली असेल आणि निम्मे श्रेय तिचे असेल, तर हाच काळ अकरा महिन्यांवर जातो. श्रेयाची ही विभागणी फिलिप्स यांच्या पद्धतीचा कणा आहे आणि अहवालातून सर्वांत आधी गळते तीही हीच.

काही प्रशिक्षणांचे यश रुपयांत मोजायला गेले की उलटेच उत्तर येते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने कार्यशाळा घेणे मालकावर बंधनकारक केले. कार्यशाळेनंतर तक्रारी वाढल्या, तर व्यवस्थापनाच्या कपाळावर आठ्या पडतात. पण आधी तक्रार कुठे करायची हेच ठाऊक नसेल किंवा करण्याची भीती वाटत असेल, तर पहिल्या वर्षी तक्रारी वाढणे हे प्रशिक्षण पोहोचल्याचे लक्षण असू शकते. 'शून्य तक्रारी' हा अहवालातला सर्वांत सुखद आणि सर्वांत संशयास्पद आकडा. थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदींचेही तसेच आहे. त्या वाढल्या म्हणून सुरक्षा अधिकाऱ्याला धारेवर धरले की पुढच्या महिन्यात नोंदी घटतात, धोका तिथेच राहतो. असा आकडा वाचताना सोबत कर्मचाऱ्यांशी बोलणे, अनामिक पाहणी करणे, समितीचे निर्णय किती दिवसांत लागले हे पाहणे, याला पर्याय नाही.

लहान कारखान्याने काय करावे?

तुलनेचे गट, निरीक्षक, महिनोनमहिन्यांचे आकडे हे सारे मोठ्या कंपन्यांना परवडते. तीस माणसांच्या वर्कशॉपला नाही, असा आक्षेप रास्त आहे. अशांसाठी रॉबर्ट ब्रिंकरहॉफ यांची पद्धत सोयीची पडते. तिच्यावरील त्यांचे पुस्तक २००३ मध्ये आले. प्रशिक्षणानंतर काही महिन्यांनी दोन-चार प्रश्न विचारून कोणाला सर्वाधिक उपयोग झाला आणि कोणाला अजिबात झाला नाही, हे शोधायचे. मग या दोन्ही टोकांच्या मोजक्या माणसांना गाठून सविस्तर विचारायचे: नेमके काय वापरले, कधी, त्याने काय घडले, त्याचा पुरावा काय, आणि वापरले नसेल तर आड काय आले? सरासरी काढायची नाही. उत्तरे बहुधा प्रशिक्षकाविषयी नसतातच. एकाला नवे गेज मिळाले, दुसऱ्याला नाही. एकाला दिवसपाळीतून रात्रपाळीत टाकले. एकाचे कामच बदलले. मालकाने स्वतः चार माणसांशी प्रत्येकी अर्धा तास बोलून एवढे करता येते.

मात्र मूळ आकडा आधी लिहून ठेवणे याला सूट नाही. नाकारलेला माल, यंत्र बंद राहण्याचे तास, दुरुस्तीसाठी परत आलेली कामे, यांपैकी प्रशिक्षणाने जे सुधारायचे आहे त्याची किमान तीन महिन्यांची नोंद हाती नसेल, तर नंतर सुधारणा झाल्याचा दावा ज्याच्या त्याच्या आठवणीवर अवलंबून राहतो.

सरकारी कार्यालयांत चित्र फारसे निराळे नाही. २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने केंद्रीय मंत्रालयांनी वेतनावरील तरतुदीच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी राखावी, असे म्हटले. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन कर्मयोगी'ला मान्यता दिली आणि अभ्यासक्रम मोबाइलवर आले. नोंदणी किती झाली, किती अभ्यासक्रम पूर्ण झाले, हे आकडे त्यामुळे तत्काळ मिळतात. खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्या नागरिकाचे काम किती दिवसांनी कमी झाले, हा आकडा त्यांत नसतो. वास्तविक तो मिळवणे अवघड नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली. दाखला मागितल्याची तारीख आणि दिल्याची तारीख दोन्ही नोंदीत असतात. ज्या तालुक्यातील कर्मचारी आधी प्रशिक्षित झाले तो आणि ज्याची पाळी नंतर येणार तो, यांची सहा महिन्यांची तुलना करायला वेगळा निधी लागत नाही. नोंदवही उघडावी लागते.

मोजायचे कधी, हा प्रश्नही तितकाच मोलाचा. वर्ग संपताच केलेली मोजणी फुगलेली असते, तीन-सहा महिन्यांनंतरची अधिक विश्वासार्ह आणि कित्येक वर्षांनंतरची जवळजवळ कोणी करत नाही. तारापूर-उंबरगावच्या अभ्यासकांनी ती केली. २०१७ मध्ये ते त्याच कारखान्यांत परत गेले. शिकवलेल्या कारखान्यांनी अंगीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. तरीही तुलनेतल्या कारखान्यांच्या ते अजून बरेच पुढे होते आणि काही पद्धती त्याच मालकांच्या इतर कारखान्यांतही पोहोचल्या होत्या. जिथे पद्धती सुटल्या, तिथे कारणे विचारण्यात आली. दोन कारणे ठळकपणे पुढे आली: ज्या व्यवस्थापकाला शिकवले होते तो नोकरी सोडून गेला होता आणि मालकाला लक्ष घालायला वेळ नव्हता.